नागपुरात घर घेण्याआधी गल्ली कशी पारखावी

दिवाळी ते संक्रांत या दिवसांत नागपुरातली कुठलीही गल्ली चांगलीच दिसते. ऊन कोवळं असतं, नाल्या कोरड्या असतात, कूलर झाकून ठेवलेले असतात आणि नळाच्या पाण्यावरून कोणी भांडत नसतं. बरेच लोक नेमके याच दिवसांत घर बघायला निघतात. ओटा बघतात, टाइल्स बघतात, टोकन देऊन मोकळे होतात. गल्ली खरी कशी आहे ते मे आणि जुलैमध्ये कळतं.

टाइल्स बदलता येतात. रस्त्याची पातळी, त्याचा उतार, घराचं तोंड आणि शेजारचा खाली (रिकामा) प्लॉट मात्र आपल्या हातात नसतो. म्हणून आधी गल्ली पारखायची, मग घरात शिरायचं. ऋतू टळून गेला तरी त्याच्या खुणा भिंतीवर, फाटकाजवळ, चेंबरच्या झाकणावर राहतात. त्या बघायची सवय लागली की जानेवारीतसुद्धा जुलैचा अंदाज येतो.

रस्ता वर, घर खाली

सगळ्यात आधी हेच तपासा, कारण नागपुरात सर्वांत जास्त घरं इथेच फसतात. गेल्या काही वर्षांत शहरातले डांबरी रस्ते जाऊन सिमेंटचे झाले. खड्डे गेले, रस्ता टिकाऊ झाला, हे खरंच. पण जिथे जुना थर खोदून न काढता त्याच्यावरच काँक्रीट ओतलं गेलं, तिथे रस्ता २० ते ३० सेंटिमीटर वर आला. घर होतं तिथेच राहिलं. पूर्वी फाटकातून दोन पायऱ्या चढून पोर्चमध्ये जावं लागायचं, तिथे आता गाडी खाली उतरवावी लागते. फाटकाचा उतार आतल्या बाजूला दिसला की समजा, पहिल्याच जोरदार पावसात रस्त्याचं पाणी पोर्चमध्ये येणार.

नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. मोजा. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते. १०–१२ मीटरची पुरते. पाणी भरताना नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन टोकांचं पाणी एका रेषेत येत नाही आणि माप चुकतं. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून खात्री करा. मग एक टोक रस्त्याच्या मधोमध आणि दुसरं घराच्या उंबऱ्याशी धरून दोन्हीकडे जमिनीपासून पाण्याच्या रेघेपर्यंतची उंची घ्या. रस्त्यावर ११० सेंटिमीटर आणि उंबऱ्याशी ६० आली, तर घर रस्त्याहून ५० सेंटिमीटर उंच आहे. माप रस्त्याच्या कडेला घ्यायचं नाही. रस्ता मध्ये फुगीर असतो. ७ मीटर रुंदीच्या रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा ७ ते ९ सेंटिमीटर वर असतो, आणि तुंबलेलं पाणी त्या उंचीपर्यंत चढूनच पलीकडे जातं.

सिमेंटचा रस्ता झालेला असेल तर जोतं त्याच्या मध्यापासून किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं. रस्ता अजून डांबरीच असेल तर ७५ धरा, कारण उद्या सिमेंट आलं की त्यातले ३० जाऊ शकतात. यापेक्षा कमी असेल तर घर सोडून द्या असं नाही. पण भाव करताना फाटकाशी आडवी जाळीची नाली, पोर्चची भर आणि पायऱ्यांची नवी मांडणी यांचा खर्च मालकासमोर मांडा.

मोजमाप झालं की दोन गोष्टी वाकून बघाच. पहिली म्हणजे जमिनीखालच्या टाक्याचं झाकण. ते पोर्चच्या फरशीबरोबर सपाट असेल, तर पोर्चमध्ये आलेलं पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात उतरतं. झाकणाची कडा फरशीपासून किमान १५ सेंटिमीटर उचललेली हवी. दुसरी गोष्ट म्हणजे गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी. रस्त्यावरच्या गडरच्या चेंबरचं झाकण आणि तळमजल्याच्या न्हाणीघरातली जाळी, दोन्हींची पातळी त्याच नळीने काढा. जाळी खाली आणि झाकण वर असेल, तर लाइन चोंदल्यावर घाण पाणी चेंबरमधून बाहेर पडायच्या आधी तुमच्या न्हाणीतून वर येतं. अशा घरात शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो आणि तो दर पावसाळ्याआधी साफ करावा लागतो. केस आणि चिंध्या अडकल्या की झडप उघडीच राहते.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

ढोबळमानाने शहराचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. सेमिनरी हिल्सचा भाग उंच; नाग नदी पश्चिमेकडून निघून शहराच्या मधून पूर्वेला जाते. पण आपल्याला हवा असतो गल्लीचा उतार, आणि तो शहराच्या उतारापेक्षा वेगळा असू शकतो. गल्लीच्या एका टोकाला बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. जिथे थांबलं त्याच्या समोरचं घर नको.

वस्ती महाग आहे म्हणजे ती उंचावर आहे असं समजू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या जुन्या, प्रतिष्ठित वस्त्यांत तळमजले पाण्याखाली गेले. लोक झोपेत होते. या पट्ट्यात किंवा नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या काठी घर बघत असाल, तर कंपाउंडच्या भिंतीची बाहेरची बाजू आणि मीटरच्या पेटीखालचा भाग बारकाईने बघा. पाणी उतरलं तरी मातकट आडवी रेघ राहते. पुढच्या भिंतीला ताजा रंग आणि बाजूच्या भिंतीला जुना असेल, तर रेघ बाजूच्या भिंतीवर शोधा. वीजमीटर, इन्व्हर्टर, प्लग ज्या उंचीवर हलवलेले दिसतात, तीही एक नोंदच असते. कमरेच्या वरचे प्लग पाहून कारण विचारा.

घर कोरडं राहिलं तरी वाट बंद होऊ शकते. लोखंडी पुलाखालचा रस्ता आणि नरेंद्रनगरचा रेल्वे अंडरपास मोठ्या पावसात तुंबतात. रोज ऑफिसला किंवा मुलांच्या शाळेला अशाच एखाद्या पुलाखालून जावं लागणार असेल, तर दुसरा रस्ता किती लांबचा पडतो ते आधीच गाडीने जाऊन मोजा.

बाहेरच्या ले-आऊटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांत), म्हणजे बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, गोधनीकडे, खाली प्लॉटकडे जास्त लक्ष द्या. शेजारचा प्लॉट खोलगट असेल तर आज त्याचाच तलाव होतो आणि तुम्ही वाचता. उद्या मालक त्यात मुरूम टाकून भर घालतो, आणि तेच पाणी तुमच्या अंगणात येतं. त्यामुळे दोन्ही बाजूचे प्लॉट भरल्यावर आपलं जोतं कितपत उंच राहील, हा हिशेब आजच करायचा. गवताळ खाली प्लॉटबरोबर डास आणि साप येतात, कचराही येतो, कारण जिथे कोणी राहत नाही तिथे सगळे टाकतात.

अशा ठिकाणी गडर लाइन नसेल तर सेप्टिक टँक असतो. काळ्या मातीत शोषखड्डा नीट चालत नाही: ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. पावसाळ्यात टाकी भरून वाहते, आणि ते पाणी रस्त्याच्या कडेच्या उघड्या नालीत सोडलेलं असतं. नाली हिवाळ्यातही हिरवी-काळी आणि ओली दिसली तर हेच कारण. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला तिरप्या चिरा असतील तर पाया किती खोल नेला ते विचारा.

नळ

नळ किती वाजता येतो, एवढंच विचारून थांबू नका. त्या वेळेला जा आणि टाक्यात पडणाऱ्या नळाखाली १५ लिटरची बादली लावा. मिनिटभरात भरली तर उत्तम, दोन मिनिटं लागली तर चालतं, तीन मिनिटांच्या वर गेली तर उन्हाळ्यात हाल होतील. शेजारी टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) सरळ लाइनवर लावतात का, हे ऐकूनच कळतं: नळ आला की गल्लीत एकाच वेळी घरघर सुरू होते आणि तुमची धार बारीक होते. पंप जितके जास्त, तितका गल्लीच्या शेवटच्या घराला त्रास. शिवाय लाइनमध्ये ओढ निर्माण झाली की गळक्या सांध्यातून नालीचं पाणी आत शिरतं. मे-जूनमध्ये काही गल्ल्यांत नळाला पहिली पाच मिनिटं वास येतो तो त्यामुळे.

चार माणसांच्या घराला रोज ५००–५५० लिटर पाणी धरा. त्यात कूलर मिळवा. मोठा डेझर्ट कूलर मे महिन्यात दिवसाला सव्वाशे-दीडशे लिटर सहज पितो, आणि घरात दोन असतात. म्हणजे उन्हाळ्यात आठशेच्या आसपास. टाकं १,००० लिटरचंच असेल तर एक दिवस नळ चुकला की टँकर. बोअरवेलचं पाणी कूलरला चालतं, पण क्षार जास्त असतील तर ताट्यांवर (कूलरच्या ओल्या राहणाऱ्या जाळ्यांवर) पांढरा थर जमून हवा अडते.

ऊन, आणि चार वाजताची सावली

ऋतू कोणताही असो, दुपारी ४ वाजता गल्लीत जाऊन उभं राहा. कोणत्या बाजूच्या घरांवर ऊन आहे?

रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर त्याच्या पूर्वेकडच्या घरांचं तोंड पश्चिमेला येतं. मे महिन्यात त्यांच्या पुढच्या भिंतीवर दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन असतं, आणि सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमाराला. ओट्यावर, बाल्कनीत बसणं रात्रीपर्यंत विसरा. लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही. समोरच्या, पूर्वमुखी घरांची गच्ची आणि मागची भिंत तेवढीच तापते, पण पुढचं अंगण दुपारनंतर सावलीत असतं, म्हणून तिथे संध्याकाळी खुर्च्या निघतात. पूर्वमुखी घराला लोक वास्तूसाठी जास्त पैसे देतात. नागपुरात त्याला उन्हाचंही तितकंच भक्कम कारण आहे.

रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर हिशेब वेगळा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, आणि नेमका त्याच सुमारास दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो, कारण शहर २१ अंश अक्षांशावर आहे. म्हणून दक्षिणमुखी भिंतीवर मे महिन्यात फार ऊन पडत नाही, साधा दोन फुटी छज्जा पुरतो. थंडीत मात्र तीच भिंत छान ऊन घेते. उत्तरमुखी घर उन्हाळ्यात थंड समजतात, ते बरंचसं खरं. पण मे-जूनमध्ये सूर्य थेट पश्चिमेला नव्हे, तर वायव्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पाच ते सात त्या दर्शनी भिंतीवर तिरपं ऊन येतं. तिथे छज्जा उपयोगाचा नाही, उभा पडदा, वेल किंवा झाड हवं.

झाडं मोजा. कडुनिंब आणि करंज असलेल्या सिव्हिल लाइन्सच्या किंवा धरमपेठच्या जुन्या रस्त्यावरून उन्हाळ्यात उघड्या सिमेंटच्या गल्लीत वळलं की फरक अंगाला कळतो. रात्री ८ ला रस्त्यावर तळहात टेकवा. तो गरम लागला तर त्याची धग ११ पर्यंत तुमच्या खिडकीतून येणार. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा गट्टू (सिमेंटचे ब्लॉक) लावलेले असतील तर ते झाड सावली म्हणून धरू नका. मुळांना पाणी-हवा मिळत नाही, आणि जूनच्या पहिल्या वादळात तेच तारांवर कोसळतं. चारही बाजूंनी किमान मीटरभर माती मोकळी हवी. गुलमोहराच्या फांद्या तर ठिसूळच. त्याखाली गाडी लावायची नाही.

कूलर कुठे बसेल हे गल्लीच ठरवते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. दोन घरांमधल्या तीन फुटी बोळात कूलर ठेवला आणि समोर शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं युनिट असलं, तर तो एसीची गरम हवाच ओढतो. कितीही चांगल्या ताट्या लावा, खोली गार होत नाही. शेजाऱ्याची युनिट्स आपल्या खिडक्यांच्या समोर आहेत का ते वर बघून मोजा. पश्चिमेच्या खिडकीतल्या कूलरची टाकी उन्हात तापते, म्हणून उत्तर किंवा पूर्व बाजूची खिडकी शोधा. आणि गल्लीत बाहेर काढलेले कूलरचे स्टँड डोक्याच्या उंचीवर असतील तर रात्री चालताना कपाळमोक्ष ठरलेला. पावसाळा लागला की कुणाच्या कूलरमध्ये पाणी तसंच आहे हेही बघा. डेंग्यूचा डास त्याच साफ पाण्यात होतो आणि तो गल्लीभर फिरतो.

मान वर केलीच आहे तर तारा बघा. बाल्कनीपासून उघडी तार आडव्या अंतरात १.२ मीटरहून जवळ नको. घरावरून किंवा गच्चीला लागून उच्चदाबाची लाइन जात असेल तर पुढे काही बघूच नका, परत फिरा. पतंगाच्या दिवसांत गच्चीवर मुलं असतात.

गल्लीगल्लीचा स्वभाव

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी इथल्या जुन्या गल्ल्या अरुंद, पण घरं चिकटून असल्यामुळे दुपारी सावलीत असतात. दारात भाजी मिळते, हाक मारली की माणूस येतो. अडचण सामानाची आणि संकटाची. रेतीचा ट्रक आत येत नाही, तो मोठ्या रस्त्यावर रिकामा करून ठेल्याने आणावा लागतो, आणि दुरुस्तीचा खर्च त्यानेच फुगतो. अग्निशमनाची गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते. गल्लीची सगळ्यात अरुंद जागा आणि सगळ्यात कोंडीचं वळण टेपने मोजा, तोंडाशी रुंद असून उपयोग नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढून रुंदीकरणाची रेषा घरातून जाते का ते पाहाच. केळीबाग रोडचं रुंदीकरण महालकरांनी पाहिलं आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी (बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारीच्या बाजूला गाडी काढायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. ती मिरवणूक दारातून बघायला मिळणं हे त्या वस्तीचं भाग्यच.

ले-आऊटमधला ९ मीटरचा रस्ता कागदावर मोठा वाटतो. दोन्ही बाजूंनी फाटकांचे उतार मीटर-मीटर खातात, उरले ७. दोन्हीकडे गाड्या लागल्या की मध्ये साडेतीन मीटर, म्हणजे एकच गाडी. त्यात सकाळी ७ ला स्कूल व्हॅन. रात्री १० ला जाऊन उभ्या गाड्या मोजा आणि फाटकांची संख्या मोजा. दर फाटकामागे दोनपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर असतील, तर पाहुणे आले की भांडण. अभ्यासिका, हॉस्टेल किंवा मेस असलेल्या गल्लीत दुचाक्या वेगळ्या मोजा.

बंद गल्ली मुलांना खेळायला सर्वांत चांगली. पण उतार बंद टोकाकडे असेल तर पाणी तिथेच साचतं, आणि गाडी वळवायला जागा नसेल तर कचरागाडी तोंडाशीच शिट्टी वाजवून निघून जाते. चौकातलं कोपऱ्याचं घर हवेशीर असतं, दुकान काढता येतं. मात्र रात्री वळणाऱ्या गाड्यांचे दिवे बेडरूममध्ये फिरतात, आणि पानठेला किंवा तर्री पोह्याचा ठेला याच कोपऱ्यावर येतो. पोह्याचा ठेला शंभर पावलांवर असणं सुखाचं. फाटकाला लागून असेल तर सकाळी ६ ते ११ गाडी बाहेर निघत नाही आणि तर्रीच्या तेलाने नाली चोंदते.

लग्नाच्या लॉनपासून लांब राहा, निदान दोनशे मीटर. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण वरात, फटाके आणि गाड्यांची कोंडी त्याआधी व्हायची ती होतेच. दीक्षाभूमीच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात; ते दोन-तीन दिवस गाडी घरीच ठेवायची तयारी ठेवा. सिव्हिल लाइन्समध्ये हिवाळी अधिवेशनात हाच प्रश्न बॅरिकेड्समुळे येतो. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाच्या बाजूला घर बघत असाल तर एका भेटीवर विसंबू नका: पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून आज वास नाही म्हणजे जुलैतही नसेल असं नाही.

कोणाला विचारायचं

घरमालक आणि दलाल सोडून. गल्लीतला इस्त्रीवाला, दूधवाला आणि कचरागाडीवरचा माणूस यांना सगळं ठाऊक असतं, आणि त्यांना काही विकायचं नसतं. 'इथे पाणी साचतं का?' असं विचारलंत तर 'नाही' हेच उत्तर येईल. 'मागच्या पावसाळ्यात कोणाच्या घरात पाणी गेलं होतं?' असं विचारा. मग ते बोट दाखवून घर सांगतात. 'उन्हाळ्यात टँकर कोणाकडे येतो', 'डीपी उडाली की वीज किती वेळाने येते', 'गणपतीचा मांडव नेमका कुठे पडतो' हेही त्याच सुरात. इस्त्रीवाल्याकडे दोन शर्ट टाकून संध्याकाळी घ्यायला या, तेवढ्या निमित्ताने गल्ली दोन वेळा बघून होते. भाड्याने घेत असाल तर अकरा महिन्यांचा करार होण्याआधी मालकाला एकच गोष्ट लेखी मागा: पाणी घरात आलं किंवा गडर उलटली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत.